एल्दियार कोणाचा

आमच्याच अ‍ॅपनं माझ्या मुलाचं लग्न मोडायला घेतलं, तेव्हा मी कचेरीच्या खिडकीशी उभी राहून गार झालेला चहा पीत होते. बिश्केकवर फेब्रुवारीतला कोळशाचा धूर बसला होता, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मुलाचं म्हणते आहे खरी, पण चारचौघांत एल्दियार माझा धाकटा दीर. जन्मल्यापासून तो मला वहिनी म्हणतो. आमच्याकडे असल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात आणि कोणी बोलत नाही.

तेव्हा मीच बोलते. मी विशीत कोचकोरला लग्न करून आले आणि वर्षाच्या आत मला मुलगा झाला. पहिला मुलगा आजीआजोबांचा, असा आमच्या घराण्यात पायंडा आहे. बाळाला चाळीस दिवस झाले, न्हाऊमाखू घातलं, बायकांनी चाळीस चमचे पाणी ओतलं, आणि सासूबाईंनी, म्हणजे बुरुल आपांनी, त्याला आपल्या घागऱ्याच्या घोळात गुंडाळून पलीकडच्या खोलीत नेलं. हा माझा, म्हणाल्या. हे विचारणं नव्हतं, सांगणं होतं. माझा नवरा कुबात दारात उभा होता, तो बूट घालून बाहेर निघून गेला. बायका म्हणाल्या, रडतेस काय, पहिला त्यांचा, पुढचे सगळे तुझेच. पुढचे झालेच नाहीत.

एल्दियार आपांना आई मानून वाढला, आपा म्हणजे आमच्यात आईच, आणि सासऱ्यांना बाप. कुबातला दादा म्हणायचा, मला वहिनी. शिकायला शहरात आला तेव्हा आमच्याच दोन खोल्यांत राहिला. पाच वर्षं माझ्या हातचं जेवला आणि रोज सकाळी ओरडायचा, वहिनी, माझे मोजे कुठेत? मोजे शोधून देण्यात मी कधी उशीर केला नाही. त्याला कधी कळलं, कोणाकडून कळलं, मला माहीत नाही. एके वर्षी सुट्टीवरून परतला आणि काही दिवस माझ्याकडे बघणं टाळत होता, तेव्हाच कळलं असावं. मग पुन्हा मोजे सुरू झाले.

आता अ‍ॅपचं सांगते. त्याचं नाव जेती अता, सात पिढ्यांचे बाप. आमच्यात मुलगा-मुलगी ठरवायची तर दोघांचे सात बाप मोजतात. त्या सातांत एकही सामाईक निघाला, तर ती दोघं भाऊबहीण, लग्न नाही. पूर्वी प्रत्येकाला सात नावं तोंडपाठ असायची. आता शहरातल्या पोरांना आजोबांच्या पुढं जाता येत नाही, म्हणून उलारबेकनं हा धंदा काढला. उलारबेक आमचा मालक, वयानं माझ्याहून लहान, उत्साह दहा जणांचा. त्याच्या हाताखाली मी आणि फोन घेणारी नाझिक. माणसं फोनवर आपली वंशावळ बोलून नोंदवतात, आम्ही ती बांधतो, आणि जोडप्याची नावं घातली की पडदा हिरवा होतो किंवा लाल.

आमचा स्वतःचा सर्व्हर नाही. डेटाबेस क्लाउडवर आहे, कुठल्या देशातल्या कुठल्या खोलीत, मला ठाऊक नाही आणि विचारायची गरजही पडत नाही. कोणी प्रश्न विचारला की तो जागा होतो, उत्तर देतो आणि पुन्हा निजतो. मला त्याचा हेवा वाटतो. तो मीच निवडला होता. इतर डेटाबेस एकतर चौकटी आखून देतात आणि माणसानं त्यात मुकाट बसायचं असतं, नाहीतर मिळेल ते पोत्यात भरतात आणि आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. यात दोन्ही चालतं. म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत जशीच्या तशी एका नोंदीत राहते, कोणाची घोड्यांसकट लांबलचक, कोणाची दोन ओळींची. आणि या नोंदींना एकमेकींशी दोरे बांधता येतात, हा त्याचा मुलगा, तो याचा. मोजणी दोऱ्यांवरून होते. आमची माणसं अशीच असतात, म्हणून मला तो आवडला. सांगतात एक आणि असतं एक, आणि दोन्ही ठेवावं लागतं.

घोळ झाला तो साध्या प्रश्नात. आम्ही प्रत्येकाला विचारायचो, तू कोणाचा मुलगा? आजोबांनी वाढवलेला माणूस आजोबांचं नाव सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्याला दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही. त्या उत्तरावरून दोरा बांधला की मधली एक पिढी गळते आणि तो माणूस आपल्या पूर्वजांच्या एक पायरी जवळ जाऊन बसतो. आठवा बाप सातवा होतो, हिरव्याचं लाल होतं. असं दुसऱ्या कुठल्या देशात झालं नसतं. आमच्याकडे घराघरात असा एक पहिला मुलगा आहे.

त्या दिवशी नाझिकनं फोन घेतला आणि माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. पलीकडे तोकमोकचे मोल्दोकुल आजोबा होते. त्यांची नात मीरिम आणि आमचा एल्दियार, दोन वर्षांपासूनचं जमलेलं. येत्या रविवारी आमच्याकडची माणसं तिच्या कानात बाळ्या घालायला जायची होती. मुलाची आई मुलीच्या कानात बाळ्या घालते, की ठरलं. मोल्दोकुल आजोबांना आमच्या अ‍ॅपचं भारी कौतुक, अख्ख्या गावाला त्यांनीच ते घ्यायला लावलं होतं. हौसेनं दोघांची नावं घातली, आणि पडदा लाल झाला. एल्दियारचा सातवा बाप तोक्तोनाय. मीरिमचाही सातवा तोक्तोनाय. आपलेच दात, आपलेच ओठ.

म्हातारा माणूस चांगला, आरडाओरडा केला नाही. रविवारी या, म्हणाले. चहा प्या. मुलाच्या तोंडून मी सात बाप ऐकेन, कारण यंत्र चुकू शकतं. पण त्याच्या तोंडूनही तोक्तोनाय सातवाच आला, तर बाळ्या परत न्या.

उलारबेकनं सगळं ऐकलं होतं. तो खुर्ची ओढून माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जिपारताई, कशाला डोक्याला ताप? दोरा तूच बांधतेस ना? मागच्या दारानं जा, कुबातच्या नावाला बांध, झालं. मी तिकडे बघत नाही."

"नियम कोणी केला होता?" मी विचारलं.

"तूच केला होतास. म्हणून तर तुला मोडता येईल."

नियम असा होता की बापाचा दोरा बदलायचा तर घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं आपल्या तोंडानं सांगायला हवं. एका नामांकित पूर्वजावरून दोन भावकींत जुंपली होती, तेव्हा मी तो घातला होता. तो मोडायला मला खरंच क्षणाचाही वेळ लागला नसता. मी एल्दियारची नोंद उघडली. आपांनी सांगितलेलं तिथं होतं, शब्दन् शब्द. माझं शेंडेफळ, उतारवयात देवानं दिलेला, दुधावरची साय, रडका होता पण रात्री माझ्या कुशीत गप्प व्हायचा. आणि खाली दोरा, बाप सुलतानगाझी, आई बुरुल.

हात तिथवर गेला होता, नाकारत नाही. इतक्या वर्षांनी का होईना, माझं नाव माझ्या मुलाच्या नावाला लागलं असतं, आणि कोणाला पत्ता लागला नसता. पण मला राग आला, तो माझाच. म्हातारीनं मला न विचारता नेला. आता मी तिला न विचारता परत आणायचा? मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी नोंद मिटली आणि उरलेला चहा मोरीत ओतला.

संध्याकाळी एल्दियार घरी आला. तो सौर पॅनेल बसवायचं काम करतो, छपरांवरून उतरला की चेहरा काळा आणि डोळ्यांभोवती पांढरा असतो. त्याला मीरिमकडून कळलं होतं. कुबात टीव्हीसमोर बसला होता आणि आवाज वाढवत होता. एल्दियार स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभा राहिला, मी कणीक मळत होते. मग म्हणाला, "वहिनी, यातून काही होणार नाही का?"

"काय व्हायला हवं?"

"ते तुला माहीत."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुलाही आहे. तुझ्या दादालाही आहे. आता सांगायचं कोणी?"

मग त्यानं पातेल्याचं झाकण उचललं, आत काय आहे बघितलं, पुन्हा ठेवलं. "आपाला दुखवून मला लग्न नको," तो म्हणाला आणि लगेच, "आणि मीरिमशिवायही नको." इतकं बोलून पोरगा रडायला लागला. त्याला जवळ घ्यावं की वहिनीसारखं लांब उभं राहावं, हे मला या वयातही ठरवता येईना. मी पिठाचे हात धुतले आणि त्याला टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी मी कोचकोरची गाडी धरली. बूमच्या घाटात बर्फ होतं, गाडी रखडत गेली, शेजारच्या बाईनं सगळ्या वाटेत मला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पोचले तेव्हा आपा चुलीशी बसून लोकर पिंजत होत्या. ऐंशी उलटलीय, नजर अजून सुईसारखी. मी येणार हे त्यांनी ओळखलंच होतं. चहा ओतला, त्यात दूध घातलं, तळलेल्या बोऱ्सोकची परात पुढे सारली, आणि मी घोट घेण्याआधीच म्हणाल्या, "तुझं यंत्र बिघडलंय म्हणे."

यंत्र बिघडलेलं नाही, मी म्हटलं. त्याला जे सांगितलं तेच ते सांगतंय.

"आणि ठेवलीस कुठं सगळी माणसं? ढगात? आमची मेलेली ढगात आहेत ते मला ठाऊक होतं. जिवंतांनाही तिथंच नेऊन ठेवलंस?"

मला हसू आलं आणि त्यांनाही. तेवढ्यात बोलून टाकावं म्हणून मी सगळं सांगितलं. मोल्दोकुल आजोबा, लाल पडदा, रविवार. एक पिढी मध्ये घातली तर तोक्तोनाय आठवा होतो आणि लग्नाला हरकत उरत नाही. आणि ती पिढी घालायची तर तुम्हालाच सांगावं लागेल, कारण उरलेल्यांत मोठ्या तुम्ही. मी काही मागत नाही, म्हटलं. त्यानं मला वहिनीच म्हणावं. फक्त कुबातचं नाव तेवढं मध्ये येऊ द्या.

आपा लोकर पिंजत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या मनात आहे की मी तुला विचारलं नव्हतं."

"आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून आहे."

"असणारच. मलाही कोणी विचारलं नव्हतं." त्यांनी लोकरीतली काडी काढून चुलीत टाकली. "नारिनचा जोल्दोश तुझा कोण लागतो?"

"चुलत सासरा. मामंजींचा धाकटा भाऊ."

"माझा पहिला," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं नेला. आता त्याचे गुडघे गेलेत, नातवंडं झालीत, आणि अजून मला वहिनीच म्हणतो. ईदला फोन करतो. वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

या घरात मी चोवीस-पंचवीस वर्षं सून आहे. जोल्दोशमामंजींच्या ताटात मी कितीदा मांस वाढलं असेल. मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीचा मला भयंकर राग आला. स्वतः भाजून निघालेली बाई तोच निखारा माझ्या ओटीत कसा टाकते? मी ते तसंच विचारलंही, जरा सौम्य शब्दांत.

"नसता आणला तर माझी कूस रिकामीच राहिली असती," त्या म्हणाल्या. "पहिला गेला, कुबात वाढला तो सासूच्याच हुकमात, दोन पुरले. मला एक पोर असं हवं होतं की जे फक्त मला आई म्हणेल. तुझे पुढं होतील असं वाटलं होतं. झाले नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस."

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. सांगते असंही नाही, सांगत नाही असंही नाही. रविवारी बाळ्या घेऊन मी येणार, आई म्हणून, एवढं मात्र म्हणाल्या. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत सुकं दही आणि एल्दियारसाठी लोकरीचे मोजे कोंबले. परतीच्या वाटेत मी झोपले. आता वाटतं, त्या आठवड्यात मी सुखानं झोपले ती तेवढीच.

रविवारी आम्ही तोकमोकला गेलो. मोल्दोकुल आजोबांच्या घरात भट्टी धडधडत होती. जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला होता, नान, जॅम, घोड्याच्या मांसाचे काप, काय हवं ते. दारासमोरच्या मानाच्या जागी आपांना बसवलं, मुलाची आई म्हणून. त्यांनी पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधला होता. कुबात पुरुषांत कडेला. मी दारापाशी, जिथं थोरली सून बसते, ऊठबस करायला सोपं पडावं म्हणून. मीरिम पडद्याआड होती, मला तिचे पाय दिसत होते, एका जागी ठरत नव्हते. एल्दियार दस्तरखानाच्या टोकाला गुडघ्यांवर बसला होता, आंघोळ करून, केस चपटे बसवून, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

चहाचा एक फेर झाला. मग आजोबांनी चष्मा काढून ठेवला. "बाळा," ते म्हणाले, "यंत्रानं आमचं तोंड आंबट केलं. तू गोड कर. सांग तुझे सात बाप."

एल्दियारनं आपांकडे बघितलं. लहानपणी त्यांनीच ही नावं त्याला शिकवली होती, मांडीवर बसवून, एकेका नावाला एकेक मनुका देऊन. तो सांगायला लागला. "सुलतानगाझी. इर्साली. मांबेतकुल." आजोबा बोटांच्या पेरांवर मोजत होते. "चोतबाय. एसेनगेल्दी." आवाज बारीक होत चालला. "बायगाझी." सहा झाले. सातवं नाव त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुबात दस्तरखानावरच्या नक्षीकडे बघत होता. त्या क्षणी मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, बाप आहेस, तोंड उघड. पण आईपुढे त्यानं आयुष्यात तोंड उघडलेलं नाही.

"थांब," आपा म्हणाल्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "एक राहिला."

आजोबांची बोटं थांबली. "कोण राहिला, बुरुलबाई?"

"पहिलाच राहिला. कुबात. हा माझ्या कुबातचा मुलगा. मी वाढवलाय. मी जन्म दिलेला नाही."

मोल्दोकुल आजोबा भला माणूस, पण खुळा नाही. ते म्हणाले, "पडदा लाल झाल्यावर आठवलं का?"

"विसरले कधी होते?" आपा म्हणाल्या. "बोलले नव्हते."

"आणि आई कोण याची?"

आपांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसती हनुवटी उचलून दाखवली. "ती. दाराशी बसलीय, ती."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या हातात किटली होती. मला वाटलं होतं, असा दिवस आलाच तर मी ढसाढसा रडेन, किंवा मोकळी होईन, किंवा काहीतरी. तसलं काही झालं नाही. मी फार थकले होते. किटली कुठं ठेवावी एवढंच सुचत नव्हतं. आजोबांनी समोरची नानची भाकरी उचलून आपांपुढे धरली. आमच्यात भाकरीवर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, बोललं तर भाकरीच फिरून मारते म्हणतात. आपांनी तिच्यावर हात ठेवला. हाताची बोटं सांध्यांतून वाकडी झालीत, पण हात हलला नाही. "या भाकरीची शपथ," त्या म्हणाल्या. "आता पोराला नीट म्हणू दे."

एल्दियारनं पुन्हा सुरुवात केली. "कुबात," तो म्हणाला, आणि तिथंच अडला. कुबात तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता, त्याचे खांदे हलत होते. "कुबात. सुलतानगाझी. इर्साली." यावेळी तो थांबला नाही. सातवा आला बायगाझी. तोक्तोनाय आठवा. आजोबांनी मूठ मिटली, पुन्हा उघडली आणि दोन्ही तळवे वर धरून दुवा म्हटली. पडद्यामागचे पाय धावत आत गेले.

बाळ्या आपांनीच घातल्या. जुन्या चांदीच्या, पोवळ्यांच्या, छातीशी रुमालात बांधून आणलेल्या. नियमानं आता ते काम माझं होतं, पण कोणाच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि म्हाताऱ्या बाईचा हात धरायचा कोणी? मीरिमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आपांना भोक सापडेना, तरी त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मी बघत राहिले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. एवढं दिलंत, ते पण दिलं असतंत तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं. मग मीरिम वाकली तेव्हा आपांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मी किटली भरायला उठले.

परतताना एल्दियार गाडी चालवत होता. कुबात त्याच्या शेजारी, आपा आणि मी मागे. आपांना गाडी लागते, म्हणून मागच्या दोन्ही काचा चार बोटं उघड्या होत्या. कांत गावाच्या पुढे शहराचा धूर सुरू झाला. मग आपांनी माझ्या मांडीवर चापट मारली.

"आता तुझ्या त्या यंत्रात मी त्याची कोण?"

"आजी," मी म्हटलं.

त्यांनी डोक्यावरच्या रुमालाची गाठ उगाच सैल केली. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा राग आला. मी त्यांना सांगितलं की तुम्ही त्याच्याबद्दल जे बोललात, माझं शेंडेफळ, माझ्या कुशीत गप्प व्हायचा, ते सगळं तसंच राहील. ते मी पुसणार नाही, कोणालाच पुसता येणार नाही. बदलेल तो फक्त दोरा. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "कुशीत गप्प व्हायचा ते खरंच होतं." मी म्हटलं, मला माहीत आहे, मी पलीकडच्या खोलीत ऐकत असायचे.

एल्दियारनं आरशातून मागे बघितलं. पोरानं सगळं ऐकलं होतं.

"आपा, काच वर घे," तो म्हणाला. "धूर येतोय."

आपांनी काच वर घेतली. माझी बाजू उघडीच होती. त्याचे डोळे आरशात माझ्याकडे आले. "तूही," तो म्हणाला, आणि पुढं हाक मारायला तोंड उघडलं. रोजचा शब्द त्याच्या ओठांवर आला असणार, तो त्यानं गिळला. दुसरा त्याच्याकडे नव्हता. समोर ट्रक आला, त्यानं गाडी सावरली.

"तूही," तो पुन्हा म्हणाला, नुसतंच.

मी काच वर घेतली.